मदत हवी आहे: मुलांना घेऊन राजमाचीला जातोय, हेडलॅम्प घ्यावेत की हातातल्या टॉर्च?

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीतली दहा-बारा मुलं, वय तेरा ते सोळा, मेच्या शेवटी राजमाचीला काजवे बघायला न्यायची आहेत. दुपारच्या लोकलने लोणावळा, तिथून तुंगार्लीवरून चालत किल्ल्याखालचं उधेवाडी, गावातच जेवण आणि मुक्काम, सकाळी राजमाचीचा श्रीवर्धन बालेकिल्ला बघून परत. कर्जतच्या बाजूने कोंढाणे लेण्यांवरून येणारी वाट खड्या चढाची, म्हणून ती सोडली. लोणावळ्याची वाट पंधरा किलोमीटरच्या घरात जाते, पण बरीचशी सोपी आहे. मुलांच्या वेगाने शेवटचा टप्पा अंधारात होणार, आणि काजव्यांसाठी रात्री पुन्हा बाहेर पडायचं ते वेगळंच. मुलं रमली तर पावसाळा ओसरताना पाचनईवरून हरिश्चंद्रगड करायचा विचार आहे. म्हणजे आत्ता घेतलेली वस्तू धुक्यापावसातही चालली पाहिजे.

पालकांनी विश्वासाने मुलं सोपवली आहेत. प्रत्येकाच्या पायापुढे त्याचा स्वतःचा उजेड असेल आणि मोबाइलच्या टॉर्चवर कुणीही चालणार नाही, एवढं मी पक्कं केलंय. अडीअडचणीला १०८ किंवा ११२ लावायला मोबाइलमध्ये चार्ज उरायला हवा, आणि मोबाइल धरलेला हात घसरताना आधाराला मोकळा नसतो.

पुण्यात तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानांत एक फेरी मारली, ऑनलाइनही बरंच चाळलं. काही शंका आहेत.

एका खोक्यावर '१००० ल्युमेन' (ल्युमेन म्हणजे दिव्याच्या एकूण उजेडाचं माप) आणि त्याच्याच खाली '३० तास' लिहिलंय. आत १८६५० चा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब लिथियम सेल) एकच सेल. मी गणित मांडून बघितलं: ३००० एमएएच (सेलची क्षमता) गुणिले ३.६ व्होल्ट म्हणजे साधारण ११ वॉट-तास. एलईडी एका वॉटमागे शंभरेक ल्युमेन देतो असं धरलं, तर १००० ल्युमेन जेमतेम तासभर मिळतील. मग तीस तास आले कुठून? आणि मुळात पायवाटेवर चालायला किती ल्युमेन लागतात?

दुसरं, सेल. तीन ट्रिपल ए सेलवाले हेडलॅम्प स्वस्त आहेत. आत बसवलेल्या चार्जिंगच्या बॅटरीवाले हलके आणि सोयीचे, पण रात्री मध्येच उतरले तर करायचं काय? १८६५० ताकदीचा, पण सुटे लिथियम सेल मुलांच्या सॅकमध्ये किल्ल्या-नाण्यांबरोबर फिरावेत हे मनाला पटत नाही.

तिसरं, एका जुन्या ट्रेकर मित्राचं म्हणणं आहे की वाट दिसायला हातातली टॉर्चच चांगली, हेडलॅम्पने खड्डे कळत नाहीत. हे खरं आहे का? असेल तर का?

आणि लाल दिवा. काजव्यांसाठी तो खरंच लागतो का?

बजेट मुलांसाठी माणशी हजाराच्या आत. आम्ही तीन मोठी माणसं आहोत, आमच्यासाठी थोडे जास्त चालतील. लिंकपेक्षा कशाकडे बघून निवडायचं ते सांगितलंत तर जास्त उपयोग होईल.

प्रतिसाद

तुमचं गणित बरोबर आहे. खोक्यावरचे दोन्ही आकडेही बहुधा खरेच असतील, फक्त ते एकाच वेळचे नाहीत. नावाजलेल्या कंपन्या टॉर्चसाठीच्या एएनएसआय एफएल१ या अमेरिकी मानकाने मोजतात (२००९ मध्ये आलं). त्यात ल्युमेन मोजतात दिवा लावल्यानंतर अर्ध्या ते दोन मिनिटांच्या दरम्यान, आणि चालण्याचा वेळ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. शिवाय वरच्या मोडला एलईडी तापतो, म्हणून चांगली टॉर्च काही मिनिटांतच स्वतःहून उजेड उतरवते. तेव्हा 'कमाल ल्युमेन'कडे बघूच नका. मधल्या मोडला किती ल्युमेन आणि किती तास, ते वाचा.

अंतराच्या आकड्याचीही तीच गत. 'बीम १०० मीटर' म्हणजे १०० मीटरवर पाव लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड, म्हणजे जवळपास पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तेवढ्यात झाड आहे की माणूस हे कळेल, वाट कळणार नाही.

लोणावळा-राजमाची वाटेला ३० ते ५० ल्युमेन भरपूर झाले. डोळे अंधाराला सरावले की त्याहून कमीतही निभतं. खडकाळ उतरणीला १००-१५०. मुलांसाठी झोत लांब जाणारा नको, पायापुढे चार-पाच मीटर पसरणारा हवा. लांबचा झोत एकाच दिव्यात असू दे, तो सगळ्यात पुढे चालणाऱ्याकडे.

तुमच्या मित्राचं म्हणणं अगदी खरं आहे. हेडलॅम्प डोळ्यांच्या अगदी जवळ असतो. त्यामुळे दगडाची सावली बरोबर दगडाच्या मागे पडते आणि आपल्याला दिसतच नाही. सावली दिसली नाही की जमीन सपाट वाटते, पायरी किती खोल ते कळत नाही. तोच दिवा कमरेच्या उंचीवर धरा, प्रत्येक खड्ड्याला आणि दगडाला कडा दिसायला लागते. खरेदीआधी गच्चीवर दिवे घालवून चार विटा मांडा आणि दोन्ही प्रकारे बघा. मुलांनाही दाखवा, त्यांना लगेच पटेल.

धुक्यात तर हा फरक जास्तच जाणवतो. कपाळावरचा उजेड समोरच्या थेंबांवरून उलटून थेट डोळ्यांत येतो आणि पुढे पांढरी भिंत उभी राहते. मोड वाढवला की भिंत आणखी पांढरी. पिवळा उजेड धुकं भेदतो असं सांगून विकणारे भेटतील. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात, रंगाने तिथे फारसं काही बदलत नाही. उजेड कमी करायचा आणि दिवा खाली आणायचा, बस्स.

तरी मुलांना हेडलॅम्पच द्या, हात मोकळे राहणं त्यांच्यासाठी जास्त मोलाचं. हरिश्चंद्रगडाच्या धुक्यात पट्टा कपाळावरून काढून कमरेला बांधायला लावा. आणि तुमच्यापैकी सगळ्यात पुढचा आणि सगळ्यात शेवटचा, या दोघांकडे हातातली टॉर्च हवीच.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला +१. सेलबद्दल माझं मत सांगते.

मुलांसाठी ट्रिपल ए. निकेल मेटल हायड्राइडचे, पुन्हा चार्ज होणारे घ्या, एनेलूपसारखे पडून पडून न उतरणारे. तीन सेलमध्ये मिळून जवळपास ३ वॉट-तास ऊर्जा असते. म्हणजे ४० ल्युमेनला सहा-सात तास, तुमच्या रात्रीला पुरेसे. प्रत्येकाकडे तीन जादा सेल एका छोट्या डबीत. साधे अल्कलाइन वापरलेत तर परत आल्यावर ते नक्की काढून ठेवा, पडून राहिले की फुटतात आणि आतल्या पट्ट्या खातात. सगळ्यांचे हेडलॅम्प एकाच आकाराच्या सेलवर चालणारे असले की एकाचा सेल दुसऱ्याला देता येतो. गटाने जाताना मला ही सोय सगळ्यात महत्त्वाची वाटते.

मोठ्यांच्या टॉर्चला १८६५० उत्तमच. पण '९९०० एमएएच' छापलेला सेल स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. या आकारात साडेतीन हजारांच्या फार पुढे कुणी गेलेलं नाही. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. सुटा सेल नेहमी प्लास्टिकच्या डबीत. टॉर्चचं मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवलं तर बऱ्याचशा टॉर्च सॅकमध्ये चुकून पेटत नाहीत.

मोठ्यांपैकी एकाला हेडलॅम्प हवा असेल तर पेट्झलच्या टिक्कासारखा घ्या. त्यात त्यांची चार्जिंगची बॅटरी बसते आणि साधे तीन ट्रिपल एसुद्धा. हजाराच्या वर जातो, पण मुलांचे सेल त्यात चालतात.

प्रतिसाद

काजव्यांसाठी कळकळीने लिहितोय. नर काजवा लुकलुकून मादीला साद घालतो आणि ती लुकलुकूनच उत्तर देते. आपला झोत झाडावर पडला की हा संवाद तुटतो, आणि वर्षातल्या एवढ्याशा दिवसांवर त्यांची पुढची पिढी अवलंबून असते. त्यामुळे झाडाजवळ पोहोचलात की सगळे दिवे बंद, लालसुद्धा. लाल दिवा फक्त तिथवर जायला-यायला, सगळ्यात मंद मोडवर आणि जमिनीकडे वळवून. हेडलॅम्पला लाल मोड नसेल तर लाल जिलेटिन पेपरचे दोन पदर रबरबँडने लावा, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो.

त्याचा तुम्हालाही फायदा आहे. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ते क्षणात पुसलं जातं. एका मुलाने दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून 'अरे, इकडे बघ' म्हटलं की दोघांचाही खेळ संपला. बोलताना दिवा खाली वाकवायचा, ही सवय लोणावळा स्टेशनवरच लावा.

एक मात्र सांभाळा: लाल उजेडात तपकिरी रंग एकमेकांत मिसळतात. फुरसं त्याच रंगाचं, रात्री बाहेर पडणारं, आणि सुक्या पानांत किंवा दगडांत दिसत नाही. म्हणून एरवी वाटेवर चालताना पांढराच उजेड, शक्यतो ४००० ते ५००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप). निळसर पांढऱ्या दिव्यात माती, पानं, साप सगळं राखाडी दिसतं. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० च्या पुढे असलेला दिवा मिळाला तर पुढे चालणाऱ्यासाठी तोच घ्या, त्याला हे रंग वेगळे दिसणं सगळ्यात गरजेचं आहे.

धागाकर्ता

मनापासून आभार. विटांचा प्रयोग काल रात्रीच गच्चीवर मुलांना घेऊन केला. कपाळावरून दिसत नव्हत्या त्या कडा कमरेवरून लख्ख दिसल्या, आणि आता मुलंच एकमेकांना पट्टा खाली बांधायला सांगतायत. ठरलं ते असं: मुलांना ट्रिपल एचे हेडलॅम्प, सगळ्यांचे एकाच प्रकारचे. पुढच्या-मागच्या मोठ्यांना १८६५० च्या टॉर्च, तिसऱ्याकडे टिक्का. जिलेटिन पेपर आणलाय.

दोनच गोष्टी उरल्या. हजाराच्या आतल्या बहुतेक हेडलॅम्पवर आयपीएक्स४ (पाणी सोसण्याचा दर्जा) लिहिलंय, हरिश्चंद्रगडाच्या पावसाला ते पुरेल का? आणि चुकून कुणी गटापासून सुटलंच, तर दिव्याने खूण कशी करायची ते मुलांना शिकवायचंय.

प्रतिसाद

आयपीएक्स४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारे शिंतोडे सोसेल. डोक्यावर असताना पाऊस बहुतेक निभून जातो. डबक्यात पडला तर भरवसा नाही, त्यासाठी आयपीएक्स७ लागतं (एक मीटर पाण्यात अर्धा तास). मोठ्यांच्या टॉर्च तरी आयपीएक्स७ किंवा ८ च्याच घ्या. मुलांच्या हेडलॅम्पचं सेलचं झाकण उघडून रबराची कडी जागेवर बसते का ते दुकानातच बघा, आणि पावसात सेल बदलायची वेळ आली तर पोंचोच्या आत.

खुणेसाठी डोंगरात बऱ्याच देशांत चालणारा संकेत आहे: एका मिनिटात सहा वेळा दिवा, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. ज्याला दिसलं त्याने मिनिटाला तीन वेळा दाखवून उत्तर द्यायचं. शिट्टीलाही हेच, आणि धुक्यात दिव्यापेक्षा शिट्टीच लांब जाते, म्हणून प्रत्येकाच्या सॅकच्या पट्ट्याला एक शिट्टी बांधा. आणि सुटलेल्या मुलाने शोधत फिरायचं नाही. आहे तिथेच बसायचं, दिवा सगळ्यात मंद मोडवर ठेवायचा आणि फक्त संकेत देताना वाढवायचा, म्हणजे सेल सकाळपर्यंत पुरतात.