मदत हवी आहे: कोंबड्याचा तुरा थंडीने काळा पडलाय

नमस्कार मंडळी. आम्ही मिनेसोटात राहतो, परसात कोंबड्या पाळल्यात. गेल्या आठवड्यात पारा उणे 28 वर गेला आणि कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं आधी पांढुरकी झाली, आता काळी पडलीत. बुडाशी सूज आहे, पण दाणे नीट टिपतोय. चोळायचं नाही, हेअर ड्रायर लावायचा नाही, कोमट पाण्यात (38-40 अंश) भिजवलेला कपडा ठेवायचा, एवढं माहीत होतं; ते लगेच केलं. आता काळा भाग आपोआप गळतो की कापावा लागतो? दुखण्यावर काय देता? जवळचे व्हेट कुत्र्या-मांजरांपलीकडे बघत नाहीत. खुराड्याच्या काचेवर सकाळी पाणी साचलेलं असतं, म्हणजे दमटपणाच भोवला असणार. पण एवढ्या थंडीत झरोका उघडा ठेवायचा तरी कसा? सासूबाई फोनवरून हळद-तेल लावा म्हणतायत. लावू का?