शब्दचर्चा : ‘सुगंधी हायड्रोकार्बन मातीत शोषले जातात’ याला नीट मराठी काय?

बालाघाटी :
आमच्याकडे बीड जिल्ह्यात पेट्रोलच्या एका जुन्या टाकीजवळच्या विहिरीला वास यायलाय. पाण्याचा अहवाल इंग्रजीत आहे, तो ग्रामसभेसाठी मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कोश बघून शीर्षकातलं वाक्य लिहिलं. सरपंचताई म्हणाल्या, “सुगंधी हाय तर भ्यायचं काहून?” आणि ‘शोषले’ म्हणजे जमिनीनं गिळून संपवलं, असंच सगळ्यांनी धरलं. काय लिहू?

रसायनवाली :
दादा, ‘हायड्रोकार्बन’ म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनची संयुगं, ते राहू द्या; ‘सुगंधी’ आधी काढा. ते इंग्रजी ‘अरोमॅटिक’चं शब्दशः भाषांतर आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमननं १८५५ साली हे विशेषण वापरलं, तेव्हा वासाशी काही नातं असेल; आज त्याचा अर्थ रेणूच्या रचनेपुरता आहे : कार्बनचं कडं आणि त्या कड्यात सगळीकडे वाटले गेलेले इलेक्ट्रॉन. गंमत म्हणजे पेट्रोलमध्ये असणाऱ्या, यातल्याच एकाचं ‘बेंझीन’ हे नाव मात्र खरंच धुपाटण्यातून आलंय. अरबी ‘लुबान जावी’ म्हणजे लोबान, त्याचं युरोपात ‘बेंझोइन’ झालं. त्यातल्या आम्लापासून मिचरलिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८३३ मध्ये हे द्रव काढलं आणि नाव चिकटलं. मी ‘अरोमॅटिक’ ठेवेन, नाहीतर ‘कड्यांचे हायड्रोकार्बन’.

मांजराकाठ :
‘कड्यांचे’ झकास. ‘वलयांकित’ वगैरे नको, लोकांना पुढारी आठवतात.

रसायनवाली :
😀 आता ‘शोषण’. रेणू मातीच्या कणांवर, मुख्यतः त्यातल्या सेंद्रिय भागाला धरून बसतो, त्याला पुस्तकात ‘अधिशोषण’ म्हणतात. ग्रामसभेत ‘चिकटून राहतो’ पुरे. पण सगळ्यांना एका क्रियापदात कोंबू नका. बेंझीन, टोल्युईन, झायलीन एका कड्याचे. ते मातीला फारसे धरत नाहीत, पाण्याबरोबर सरकतात, उघड्यावर आले की उडून जातात. काजळीतले, गाडीच्या जळक्या ऑइलमधले चार-पाच कड्यांचे जागचे हलत नाहीत आणि जिवाणूंनाही लवकर पचत नाहीत. डांबरगोळीतलं नॅप्थलीन दोन कड्यांचं, या दोघांच्या मधलं.

काळीचं_रान :
आपल्या काळीत सेंद्रिय कर्ब मुळात कमी, त्यामुळं धरून ठेवायलाही कमीच. त्यात उन्हाळ्यात हातभर भेगा. सांडलेलं पेट्रोल ‘झिरपत’ बसत नाही, भेगेतून थेट मुरमात ‘उतरतं’ आणि खाली बेसाल्टच्या चिरांतून कुठं निघेल सांगता येत नाही. अहवालात ‘झिरपले’ लिहिलंत तर लोक म्हणतील, लई सावकाश चाललंय, बघू दिवाळीनंतर.

बालाघाटी :
वर तवंग दिसत नाही म्हणून निम्मं गाव पाणी प्यायलंय. ‘तेल पाण्यात विरघळत नाही’ असं त्यांचं म्हणणं.

रसायनवाली :
ते आधी थांबवा. पेट्रोल हलकं, तरंगतं, हे खरं. पण शुद्ध बेंझीन लिटरभर पाण्यात साधारण १.८ ग्रॅम विरघळतं आणि जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणून ‘विरघळत नाही’ लिहू नका, ‘थोडं विरघळतं आणि तेवढंही घातक आहे’ असं लिहा. बेंझीननं रक्ताचा कर्करोग होतो, हेही घाला. तुरटी किंवा टीसीएल (ब्लीचिंग) पावडरनं ते जात नाही. घरात उकळू तर अजिबात नका, वाफ नाकात जाते.

काळीचं_रान :
अजून एक. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तरंगणारा थर त्याच्यामागं खाली जातो, चिरांना माखतो. पावसाळ्यात पाणी वर आलं की पुन्हा सुटतो. म्हणून मे महिन्यात वास कमी झाला तरी ‘विहीर सुधारली’ लिहू नका. पाऊस पडल्यावर परत तपासा.

मांजराकाठ :
ओढ्यात गेलेल्या जळक्या ऑइलचं काय? तिथला गाळ शेतात टाकायची तयारी चाललीय.

रसायनवाली :
जास्त कड्यांचे रेणू गाळातच बसतात. पाण्याचा नमुना स्वच्छ आला म्हणून गाळ स्वच्छ ठरत नाही. गाळाचा वेगळा नमुना द्या आणि अहवालात ‘पाणी’ व ‘गाळ’ असे दोन रकाने मागा. तोवर ट्रॅक्टर थांबवा.