बातमीतल्या 'हेल्ड'चं काय करावं? मदत हवी आहे

राजेहो, आर्वीकडच्या आमच्या अभ्यासिकेत पोट्टे स्पर्धा परीक्षेसाठी इंग्रजी पेपर वाचतात अन् सगळे 'हेल्ड' (held, मूळ अर्थ 'धरलं') या शब्दावर अडकतात. 'टू हेल्ड' म्हणजे दोघांना अटक, पण 'मीटिंग हेल्ड' म्हणजे बैठक झाली, अन् 'हायकोर्ट हेल्ड' म्हटलं तं कोर्टानं निर्वाळा दिला, कोणालेच धरलं नाही! त्यात हेडलाईनमध्ये 'वॉज', 'वेअर' गाळतात, म्हणून एकानं इचारलं, सर दोघांनी धरलं काय? (प्रश्न बरोबरच होता.) 'हेल्ड अप' तं ट्रॅफिक अडकलं तरी तेच अन् बँक लुटली तरी तेच. कोर्टाच्या बातमीत 'हेल्ड'च्या लगेच पुढं 'दॅट' आलं का कोर्टाचं मत समजायचं, एवढी खूण मी सांगतो. बाकी कसं शिकवता? कोण्या मास्तरकडं सोपी युक्ती असंन तं सांगा ना.