मुंबई–न्यूयॉर्क: सत्तरीच्या आईबाबांसाठी थेट विमान की मध्ये थांबा?

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आईबाबा पहिल्यांदाच आमच्याकडे न्यू जर्सीला येताहेत. दोघंही सत्तरीच्या पुढचे. आईचे गुडघे दुखतात, आणि जास्त वेळ बसलं की बाबांच्या पायांना सूज येते. तिकिटं अजून काढलेली नाहीत. जाणकारांनी कृपया मदत करा.

थेट विमान मुंबईहून रात्री दीडला निघून त्याच दिवशी सकाळी आठला न्यूयॉर्कला उतरतं. उन्हाळ्यातला साडेनऊ तासांचा फरक मिळवला की प्रवास १६ तासांचा. या दोन शहरांमधलं कमीत कमी हवाई अंतर सुमारे १२,५४० किमी आहे. ताशी ९०० किमी वेग धरला तर १४ तास पुरायला हवेत. मग वरचे दोन तास कशाचे? आणि परतीला वेळ कमी का?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. सगळे म्हणतात, "दुबईवरून आणा, पाय मोकळे होतील." पण मुंबई–दुबई जेमतेम तीन तास, आणि पुढे दुबई–न्यूयॉर्क ११,००० किमी, म्हणजे पुन्हा १४ तास बसणं आलंच. त्यापेक्षा लंडन बरं वाटतं. मुंबई–लंडन ७,२०० किमी, तिथून न्यूयॉर्क ५,५५० किमी. एकूण अंतर थेट मार्गाहून फक्त २०० किमी जास्त! पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला तर तो रशिया, नॉर्वे, आइसलंड असा वरून जातो, लंडन त्याच्यापासून फार लांब नाही.

पण एवढ्या मोठ्या विमानतळावर त्या दोघांना विमान बदलणं जमेल का? आईला इंग्रजी येत नाही. तुमच्यापैकी कुणी आईवडिलांना असं आणलंय का?

---

प्रतिसाद:

वरच्या दोन तासांचं मुख्य कारण वारा. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. अमेरिकेला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं हेही धरलेलं असतं. आणि तुमच्या दोऱ्याच्या रेषेवरून आज कुणी फारसं उडतच नाही. अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश २०२२ पासून बंद आहे, आणि भारतीय विमानांना पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये आपलं आकाश बंद केलं.

मी आईला लंडनवरूनच आणलं होतं. तिकीट काढतानाच दोघांसाठी व्हीलचेअर मागून ठेवा, पैसे पडत नाहीत. कर्मचारी एका विमानाच्या दारापासून दुसऱ्याच्या गेटपर्यंत नेऊन सोडतात, त्यामुळे भाषेची काळजी करू नका. दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर घ्या, म्हणजे बॅगा परस्पर पुढे जातात. मध्ये तीन तास तरी ठेवा. ट्रान्झिट व्हिसाचे नियम बदलत असतात, ते ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर पाहूनच पैसे भरा.

बाबांच्या सुजेबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. दाब देणारे पायमोजे वापरायचे का, हे त्यांनाच विचारा. आईल सीट घ्या, तासा-दीड तासाने दोघांनाही उठून चालायला सांगा, पाणी भरपूर प्यायला सांगा. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच हवी.

परतीला मात्र मी थेट विमान घेईन. वेळ कमी लागतो, आणि तोवर आईबाबा प्रवासाला सरावलेले असतील.