मदत हवी आहे: टीव्हीला जोडून जुने व्हिडिओ गेम खेळायला छोटा कॉम्प्युटर, लाइटचा भरवसा नाही

केळीबाग_चोपडा

राम राम मंडळी. टीव्हीला कायमचा जोडलेला राहील असा छोटा कॉम्प्युटर बनवायचा आहे, फक्त जुन्या गेमसाठी. पिवळ्या कॅसेटचे ८-बिट गेम, सेगा आणि सुपर निन्टेन्डोचे १६-बिट, जमलं तर पहिलं प्लेस्टेशन. त्यापुढचं काही नको. दोघं एका वेळी खेळतील.

टीव्ही ३२ इंची एलईडी, पॅनल १३६६ × ७६८. माळ्यावर २१ इंची जुना डबा टीव्हीसुद्धा आहे, पिवळी-पांढरी-लाल पिनवाला. बजेट जॉयस्टिक धरून दहा हजार.

अडलेल्या गोष्टी: रास्पबेरी पाय (एकाच छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर) ४ घ्यावा की ५? घरातला मोबाइलचा फास्ट चार्जर चालेल का? आमच्याकडे लाइट दिवसातून दोन-तीनदा न सांगता जाते, त्याने कार्ड खराब होतं असं ऐकलं, खरं का? इन्व्हर्टर आहे, पण टीव्हीचा पॉइंट त्यावर नाही. आणि मे महिन्यात हे बंद कपाटात तगेल का?

तापीकाठ

भाऊ, पाय ४, २ जीबीवाला. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या गेमला तो पुरतो. पाय ५ वेगवान आहे, पण त्याचा अधिकृत अ‍ॅडॉप्टर ५.१ व्होल्ट ५ अँपिअरचा, कूलर वेगळा. पहिल्या प्लेस्टेशनपर्यंतच थांबायचं असेल तर तो पैसा वाया जातो. वाचलेले पैसे अ‍ॅडॉप्टर आणि कार्डावर घाला, कारण हे यंत्र बिघडतं ते नेहमी त्या दोन जागी. प्रोसेसर कमी पडला म्हणून नाही.

मोबाइलचा चार्जर नको. फास्ट चार्जर समोरच्या फोनशी बोलणी करून ९ किंवा १२ व्होल्टवर जातो. पाय ४ अशी बोलणी करत नाही, त्याला मिळतात सरळ ५ व्होल्ट. त्यातून पातळ केबलमध्ये आणखी गळतात. बोर्डाशी व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली आलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेची खूण येते आणि बोर्ड स्वतःचा वेग कमी करतो. गेम अडखळतो, आवाज फाटतो, आणि माणूस सेटिंग बदलत बसतो. अधिकृत अ‍ॅडॉप्टर ५.१ व्होल्ट ३ अँपिअर आहे. तो वरचा ०.१ व्होल्ट केबलमधली घट भरून काढायलाच दिलेला आहे.

जुना बोर्ड घेत असाल तर एक तपासा. पाय ४ च्या अगदी पहिल्या बोर्डांत टाइप-सी सॉकेटची रचना चुकलेली होती. लॅपटॉपच्या चांगल्या जाड केबलने, म्हणजे ज्यात चिप असते तिने, तो चालूच होत नाही. साध्या केबलने होतो. विकणारा ‘बोर्ड डेड आहे, स्वस्तात देतो’ म्हणत असेल तर आधी केबल बदलून बघा.

कार्ड ३२ जीबी, ए१ खूण असलेलं, नावाजलेल्या कंपनीचं. घरी आणल्यावर आधी एच२टेस्टडब्ल्यू हा कार्ड तपासायचा प्रोग्राम चालवून पूर्ण भरून वाचून घ्या. खोटं कार्ड ३२ दाखवतं आणि ८ च्या पुढे लिहिलेलं गिळतं. ते लगेच कळत नाही, महिन्याने गेम उघडेनासे होतात.

आता लाइट. हो, खरं आहे. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइलींची नोंद अर्धवट राहते, आणि पुढच्या वेळी यंत्र लोगोवर अडकून बसतं. पण तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे म्हणता तर उपाय हातात आहे. पाय ४ खेळताना साधारण ५ ते ७ वॅट घेतो, एका एलईडी बल्बाएवढं. टीव्ही राहू द्या बाहेर, फक्त बोर्डाच्या अ‍ॅडॉप्टरसाठी इन्व्हर्टरवरून एक वायर ओढून घ्या. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएसचा खटका असेल तर तो त्या बाजूला करा, त्याने बदल लवकर होतो. दुसऱ्या बाजूला उशीर लागतो आणि तेवढ्यात बोर्ड रीस्टार्ट होतो.

जंक्शनवाला_भुसावळ

वरच्याशी बहुतेक सहमत, पण मी असतो तर दुसरीकडे गेलो असतो. ऑफिसातून निघालेले छोटे पीसी मिळतात, पुस्तकाएवढे: लेनोवोचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी. सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, एसएसडी. जळगावात गोलाणी मार्केटला चौकशी करा. बोर्ड, केस, पंखा, अ‍ॅडॉप्टर, कार्ड असं एकेक जमवण्यापेक्षा हा एक डबा बरा पडू शकतो. यात कार्डाचा प्रश्नच नाही, एसएसडीवर चालतो. घेताना अ‍ॅडॉप्टर सोबत आहे ना ते बघा. तो १९-२० व्होल्टचा असतो आणि प्रत्येक कंपनीची पिन वेगळी.

अडचणी दोन. यातल्या बऱ्याच पीसींना एचडीएमआय नसतं, डिस्प्लेपोर्ट असतं, कन्व्हर्टर घ्यावा लागतो. साधा चालतो. आणि बायोसमध्ये, म्हणजे पीसी चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट बंद करावं लागतं, नाहीतर गेमचं सॉफ्टवेअर भरलेला पेन ड्राइव्ह दिसूनही सुरू होत नाही. तिथेच ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ असा पर्याय असतो, तो ‘बंदच राहा’वर ठेवा. लाइट तीनदा झपकली की यंत्र तीनदा अर्धवट चालू होतं, एसएसडीलाही ते चांगलं नाही.

उन्हाचं: आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं, बंद कपाटात त्याहून वर. पाय ४ चं तापमान ८० अंशांना पोचलं की तो वेग उतरवतो. बिनपंख्याची अ‍ॅल्युमिनियमची केस पुण्याच्या माणसाला पुरेल, इथे दुपारी पुरणार नाही. उष्णता केसमध्ये जाते, पण केसमधून जायला बाहेर थंड हवा लागते ना. पंखा हवा, आणि कपाटाची मागची फळी कापा. पंख्याच्या जाळीवर धूळ बसते, दर पंधरा दिवसांनी ब्रश फिरवा.

तापीकाठ

मिनी पीसीचा मुद्दा मान्य. पुढे कधी प्लेस्टेशन २ खेळावंसं वाटलं तर पाय ४ वर ते होणार नाही, तिथे काही गेम तरी चालतील. पण इन्व्हर्टरची बॅटरी जुनी असेल तर माझं मत अजून पायलाच.

सॉफ्टवेअर दोन्हीकडे बॅटोसेरा घ्या, ही जुने गेम चालवायची तयार ऑपरेटिंग सिस्टीम. पायची इमेज (उतरवून घ्यायची फाइल) वेगळी, पीसीची वेगळी, चुकीची उतरवली तर काळी स्क्रीन. बॅलेना एचर या प्रोग्रामने कार्डावर लिहा. लिहून झालं की विंडोज ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ विचारतं. नाही म्हणा. दहातले निम्मे लोक इथेच हो म्हणतात आणि ‘इमेज खराब आहे’ म्हणून धागा काढतात. विंडोजला त्यातलं एक्सट४ पार्टिशन वाचता येत नाही, म्हणून ते विचारतं, एवढंच. त्याच कारणाने कार्ड काढून विंडोजमधून त्यात गेम भरता येत नाहीत. घरच्या वायफायवर यंत्र जोडा, कॉम्प्युटरच्या नेटवर्कमध्ये बॅटोसेरा नावाचं फोल्डर दिसेल, त्यात रॉम्सच्या (गेमच्या फाइलींच्या) आत प्रत्येक जुन्या यंत्राचं आपापलं फोल्डर आहे.

गेम इमेजसोबत येत नाहीत. ‘दहा हजार गेम भरलेलं कार्ड’ घेऊ नका, ते चोरीचं असतं आणि कार्डही हलकं. स्वतःच्या कॅसेट-सीडींवरून काढा, शिवाय आजही लोक ८-बिटसाठी नवे गेम लिहून देतात, ते फार सुंदर आहेत.

बंद करायला बटण लावा. बोर्डाच्या ४० पिनांपैकी ५ आणि ६ यांच्यात दाबून सुटणारं साधं बटण. बॅटोसेराच्या कॉन्फ (सेटिंगच्या) फाइलमध्ये पॉवर स्विचच्या ओळी आधीच लिहिलेल्या असतात, ५-६ पिन आणि पुशवाली ओळ शोधून पुढची हॅश (#) खूण काढा. पंखा ४ (लाल) आणि १४ (काळा) वर द्या, कारण ६ बटणाने घेतली. पिना मोजताना घाई नको: बटण चुकून ४ आणि ६ वर बसलं तर दाबताक्षणी ५ व्होल्ट आणि ग्राउंड शॉर्ट.

अमळनेरची_खिडकी

मनाबी एक सवाल शे भाऊ, पण मना सवाल वेगाचा. इम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) सगळे गेम जास्त पळतात. लहानपणी एवढे जोरात नव्हते. खरंच की भास?

तापीकाठ

भास नाही. हे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

जपानी-अमेरिकन गेम ६० हर्ट्झच्या टीव्हीसाठी लिहिलेले होते. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, ५० हर्ट्झ. आपल्याकडची पाल क्लोन यंत्रं, म्हणजे निन्टेन्डोच्या नकला, सेकंदाला ५० चित्रं काढायची, आणि गेमची चाल चित्रांवर मोजलेली असल्याने सगळं सहातल्या पाच भागांच्या वेगाने चालायचं. इम्युलेटर मूळ ६० ने चालवतो. तुमची आठवण बरोबर आहे.

उपाय: ८-बिटसाठी एफसीईयूएमएम हा कोअर (इम्युलेटर) निवडा, त्याच्या पर्यायांत रीजन आहे. तिथे ‘पाल’ नका करू, ‘डेंडी’ करा. डेंडी हा १९९२ साली रशियात विकायला आलेला क्लोन, त्याच्या नावावरून हा पर्याय. फरक असा की खऱ्या पाल निन्टेन्डोत प्रोसेसरही सावकाश होता, साधारण १.६६ मेगाहर्ट्झ, त्यामुळे संगीताचा सूरच खाली उतरतो. पाल क्लोनमध्ये तो १.७७, मूळ अमेरिकन १.७९ च्या अगदी जवळ. म्हणून चाल हळू पण सूर जवळपास तोच. ऐकलंत की लगेच ओळखाल.

मात्र टीव्हीलाही ५० हर्ट्झ द्या. ६० वर ठेवलं तर दर पाचवं चित्र दोनदा दिसतं आणि सरकती पार्श्वभूमी कचकच करते.

केळीबाग_चोपडा

पाय ४ घेतला, अधिकृत अ‍ॅडॉप्टर, इन्व्हर्टरवरून वायर. चालू झालं, सगळ्यांचे आभार. आता तीन त्रास. चित्राच्या कडा कापल्या जातात, वरचा स्कोअर अर्धा दिसतो. उडी मारायचं बटण दाबल्यावर किंचित उशिराने उडी. आणि वायरलेस जॉयस्टिक मध्येच सुटतो, एक तर आपोआप उजवीकडे चालत राहतो.

जंक्शनवाला_भुसावळ

जॉयस्टिक आधी. त्याचा डोंगल निळ्या यूएसबीत आहे का? काढून काळ्यात लावा. निळं म्हणजे यूएसबी ३, त्यात पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क चालू असली की २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट होतो, आणि डोंगल त्याच पट्ट्यात बोलतो. अर्ध्या मीटरची एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल कपाटाबाहेर आणा. आपोआप चालत राहणं हेही तेच असू शकतं: ‘बटण सोडलं’ हा संदेश वाटेत हरवतो. डोंगल हलवूनही तसंच राहिलं तर अ‍ॅनालॉग काडीचा मधला बिंदू सरकलाय, बॅटोसेरात डेडझोन (काडी थोडी हलली तरी दुर्लक्ष करायचा भाग) थोडा वाढवा. दुसऱ्या खेळाडूसाठी वायरचा यूएसबी पॅड घ्या.

तापीकाठ

कडा कापणं टीव्हीचं काम आहे, बोर्डाचं नाही. रिमोटवर चित्राच्या आकारात ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘१:१’ असं काहीतरी असेल, ते निवडा. कुठेच नसेल तर एचडीएमआयच्या त्या इनपुटचं नाव ‘पीसी’ करून बघा, कित्येक टीव्ही त्यानेच सुधारतात. मग बॅटोसेरात रेझोल्युशन १३६६ × ७६८ दिसतंय का बघा. दिसलं तर तेच घ्या आणि इंटिजर स्केल चालू करा: जुन्या गेमच्या २४० ओळी बरोबर तिप्पट होऊन ७२०, वर-खाली २४-२४ ओळी काळ्या. प्रत्येक ठिपका चौकोनी, स्वच्छ. ते रेझोल्युशन नसेल तर ७२०पी चालेल, पण टीव्ही ते पुन्हा ७६८ ला ताणेल, थोडं मऊ दिसेल.

उशीर दोन जागी साठतो. टीव्हीत गेम मोड लावा, मोशन स्मूद करणारं जे असेल ते बंद, शार्पनेस शून्य. मोठा वाटा इथेच सुटतो. राहिलेल्यासाठी रेट्रोआर्चमध्ये (बॅटोसेराच्या आत इम्युलेटर चालवणारा प्रोग्राम) रन-अहेड, म्हणजे गेम पुढचं चित्र आधीच काढून ठेवतो ती सोय, १ फ्रेम, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद वाचतात. दोनवर गेलात तर काही गेममध्ये पात्र पहिलं पाऊल न टाकता एकदम पुढे दिसतं. तसं दिसलं की परत १.

आणि सेव्ह. गेमच्या आतलं सेव्ह सहसा गेममधून बाहेर पडतानाच कार्डावर उतरतं. रेट्रोआर्चच्या सेव्हिंगमध्ये सेव्ह-रॅमचा इंटरव्हल शून्य असेल तर ३० सेकंद करा. इन्व्हर्टरने दगा दिला तरी जास्तीत जास्त अर्ध्या मिनिटाचं जाईल.

केळीबाग_चोपडा

डोंगल हलवला, सुटणं थांबलं. ‘पीसी’ नाव दिल्यावर स्कोअर पूर्ण दिसला. शेवटचं: बदकं मारायची जुनी बंदूक या एलईडीवर चालवता येईल का? नाहीतर माळ्यावरचा डबा खाली काढतो.

तापीकाठ

एलईडीवर नाही. घोडा ओढला की गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीतला सेन्सर तो उजेड ठरलेल्या क्षणी शोधतो, आणि डबा टीव्हीच्या किरणांच्या सुमारे १५ किलोहर्ट्झच्या फडफडीलाच ओळखतो. एलईडीत तशी फडफड नाही आणि उजेडही उशिरा येतो. पायला डबा जोडलात तरी ती पिन बोर्डात बसत नाही. बंदुकीसाठी जुनं कॅसेटचं यंत्रच डब्याला लावा. इम्युलेटरवर बदकं माउसने मारता येतात.

डबा पायला लावायचाच असेल तर बोर्डाच्या ३.५ मिमी जॅकमधून चित्र निघतं. ते चालू केलं की एचडीएमआय बंद होतं, म्हणून त्यासाठी वेगळं कार्ड ठेवा. केबल घेताना मल्टिमीटर लावा: पिवळ्या पिनचा मधला खिळा जॅकच्या सर्वांत मागच्या कड्याशी जुळला पाहिजे, आणि तिन्ही पिनांची बाहेरची कडी त्याच्या पुढच्या कड्याशी. कॅमेऱ्याच्या पुष्कळ केबलमध्ये हे उलटं असतं, मग चित्र येत नाही.