शेजाऱ्याचं बघून बाग लावली म्हणून आम्ही अडाणी काय?

तासगावचा_बागायतदार

परवा इथं 'मुळापासून' या आयडीनं लिहिलं की सांगलीच्या शेतकऱ्याला नक्कल सोडून काय येत नाही, एकानं द्राक्ष लावली की गाव द्राक्ष लावतं, एकानं ड्रॅगनफ्रूट लावलं की पार जतपर्यंत खांब उभे राहतात. मग इलॉन मस्कनं रॉकेटच्या धातूचा भाव कसा काढला ते सांगून शेवटी उपदेश, दुसऱ्याचं बघणं बंद करा, मूळ तत्त्वापासून विचार करा. दोन दिवस गप बसलो, पण खाली "एकदम बरोबर सर" म्हणणाऱ्यांची रांग बघून राहवंना म्हणून लिहायलोय.

तासगाव उभं राहिलं तेच एकमेकाचं बघून. बोरगावात वसंतराव आर्वे यांच्या थॉमसन जातीच्या द्राक्षबागेत वेगळा वेल निघाला, त्यांनी तो हेरला, जपला, तीच तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात. हेरणारा माणूस एक. बाकीच्यांनी काय केलं? काडी मागून नेली आणि लावली. त्या प्रत्येकानं "मी माझा वेल स्वतः शोधतो" म्हणलं असतं तर आज तालुक्यात कुसळं असती. पुढं पाणी कमी पडलं, विहिरीचं पाणी खारं झालं, तेव्हा डॉगरीज या रानटी वेलाच्या खुंटावर कलम करून एकानं बघितलं, दुसऱ्यानं त्याच्या बागेत जाऊन बघितलं, तिसऱ्यानं दुसऱ्याचं. ह्याला नक्कल म्हणायची तर म्हणा, मला लाज नाही त्याची.

माझे वडील चौथी शिकलेले. शेजारच्या अण्णांच्या बांधावर उभं राहून छाटणी बघायचे, काडीला किती डोळे ठेवले ते बोटावर मोजत घरी यायचे. द्राक्षाला वर्षात पीक एकच. एप्रिलची खरड छाटणी बिघडली तर काडीत घड तयार होत नाही, आणि हे कळतं कधी, ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर, म्हणजे सहा महिने औषधं-मजुरी घालून झाल्यावर. सोसायटीचं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसानं असल्या पिकात स्वतःच्या डोक्यानं प्रयोग करायचा? फसला तर हप्ता तुम्ही भरणार काय?

मुळापासून

दादा, "शिकू नका" असं मी कुठं लिहिलंय? कारण कळल्याशिवाय उचलू नका एवढंच म्हणणं आहे. रॉकेटचं उदाहरण दिलं कारण तिथं हिशोब स्वच्छ दिसतो. तयार रॉकेटची जी किंमत सांगत होते तिच्या साधारण २ टक्क्यांत त्यातलं ॲल्युमिनियम, टायटॅनियम, तांबं, कार्बन फायबर सगळं येत होतं. मग उरलेले ९८ टक्के कशाचे, एवढाच प्रश्न त्यानं विचारला.

तोच प्रश्न उसाला विचारा. आडसाली उसाला, म्हणजे पावसाळ्यात लावून दीडेक वर्ष ठेवतात त्याला, कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची, म्हणजे एकरी १६०. युरियात नत्र ४६ टक्के, ४५ किलोच्या पोत्यात जेमतेम २१ किलो. सगळं नत्र नुसत्या युरियातून द्यायचं म्हटलं तरी आठ पोत्यांत काम भागतं, आणि डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खतातून जे नत्र जातं ते यातून वजा करायचं. माझे सख्खे चुलते वाळव्यात एकरी बारा पोती युरिया टाकतात, वर डीएपी वेगळं. का म्हणून विचारलं तर म्हणाले, बांधावरचा अकरा टाकतो. याला पाचवीचं गणित पुरतं हो. चुलत्यांचा राग येत नाही, पोटात तुटतं, कारण ते पैसे त्यांनी उन्हात मिळवलेत.

कुपवाड_फौंड्री

रॉकेटचं अर्धंच सांगितलंत. त्याची पहिली तीन उड्डाणं पडली, २००६, २००७ आणि २००८, चौथं २००८ च्या सप्टेंबरात गेलं. आणि त्याच्या मर्लिन इंजिनात इंधन सोडणारा जो पिंटल इंजेक्टर आहे तो प्रकार अपोलोच्या चंद्रावर उतरणाऱ्या यानात आधीच वापरून झालेला. म्हणजे किमतीचा विचार मुळापासून केला, पण इंजिनात जे चाललेलं होतं ते उचललंच. हे पण लिहीत जावा.

आता बागायतदार साहेब, मी तुमच्या पण बाजूचा नाही. फौंड्री चालू केली त्या वर्षीची गोष्ट. एक पार्टी जुन्या परदेशी पंपाचा इंपेलर, म्हणजे आतलं पाणी फेकणारं चाक, घेऊन आली, हुबेहूब असाच पाहिजे म्हणाली. आम्ही व्हर्नियर लावून माप घेतलं, वाळूत साचा उठवायचा पॅटर्न त्याच मापाचा केला, चाळीस नग ओतले. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना शेकड्याला एक आकसतं, ३०० मिलिमीटरला ३ मिलिमीटर, शिवाय नमुना मशिनिंग झालेला, त्याच्यासाठी जादा जाडी ठेवावी लागते ती पण ठेवलेली नाही. चाळीसच्या चाळीस बारीक निघाले. माप बरोबर, नमुना बरोबर, पण ती वस्तू कशी तयार झाली ते नमुन्यात कुठं दिसतंय? बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून वाळूचं आणि कोळशाचं बिल भागवलं. त्या दिवसापासून कुठलाही नमुना आला की पहिलं विचारतो, हा ओतला कसा असंल.

तासगावचा_बागायतदार

तुमचं बीड परत भट्टीत जातं. माझा वेल जात नाही, फरक हाय तो.

साताऱ्याची_मास्तरीण

मला 'मुळापासून' यांचं पटतं, वेगळ्या कारणानं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला काल्यात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं एकत्र बोर्डिंग चालवलं, तेव्हा शहरातल्या शाळांची नक्कल केली नाही. गरिबाच्या पोराला शिकायला आधी काय लागतं, तर डोक्यावर छप्पर आणि पोटाला भाकरी, तिथून सुरुवात केली. आणि आज त्याच साताऱ्यात पोरं अभ्यासिकेत बसून पहिल्या आलेल्याचं टाइमटेबल भिंतीला चिकटवतात. तो पहाटे चारला उठायचा म्हणून हेही चारला उठणार. अरे त्याचं गणित पक्कं होतं, तुझं अपूर्णांकात अडतंय! माझा भाचा सहा वर्षं असाच घालवून बसलाय. क्लासवाले तर तेच विकतात, त्यांच्याबद्दल एकदा वेगळं लिहिणार आहे.

मुळापासून

मास्तरीणबाई, अगदी हेच. आणि दादा, द्राक्षाचंच घ्यायचं तर २०१० आठवा. काडीची वाढ रोखायला सगळे सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराईड) हे औषध मारत होते, हा मारतो म्हणून तो. त्या वर्षी युरोपात मालात त्याचे अंश सापडले आणि माल अडकला. एकानं तरी विचारलं होतं का की हे मण्यात किती दिवस राहतं?

तासगावचा_बागायतदार

२०१० चं नाव काढू नका. माझा माल होता त्यात. आम्हाला जी तपासायच्या औषधांची यादी दिली होती तिच्यात ते नावच नव्हतं, प्रयोगशाळा तपासत नव्हती, खरेदीदार बोलत नव्हता, आणि शेतकऱ्यानं घरात बसून मूळ तत्त्वानं ओळखायचं होतं की युरोपला हे चालत नाही? युरोपचा आकडा काय तत्त्वातनं निघतो? तो कुणीतरी सांगावा लागतो! त्या वर्षी थोरलीचं लग्न पुढं ढकललं मी. तू पुण्यात एसीत बसून लिहितोस, तुला कधी रात्रीचं ढग बघून झोप उडालीय का?

मुळापासून

एसीत बसतो कारण बापानं चार एकर जिरायत विकून शिकवलं मला. पुण्यात राहतो म्हणून बोलायचा हक्क गेला असं असेल तर तसं स्पष्ट सांगा.

भिलवडीची_वहिनी

तुमचं खत आणि रॉकेट चालू द्या, ज्या रानात मीठ फुटलंय त्यांनी काय करायचं ते एकजण तरी सांगा. आमचं सहा एकर, नदीकाठची काळी, सासऱ्यांच्या वेळी गव्हाला नावाजलेली. त्यातलं अडीच एकर आज पांढरं पडलंय, उन्हाळ्यात बघितलं तर वाटतं कुणी चुना टाकलाय. ऊस गुडघ्याच्या वर जात नाही. गावात असं कितीतरी रान आहे पण माणसं सांगत नाहीत, पोरांच्या सोयरिकी अडतात म्हणून.

वाळवा_आडसाली

वहिनी जिप्सम टाका एकरी चार-पाच टन, आमच्या भावकीत टाकलं, फरक पडला.

भिलवडीची_वहिनी

टाकलं. तुमच्यासारखंच एकाचं ऐकून टाकलं, दोन वर्षं टाकलं. मग माती तपासली तेव्हा तिथल्या साहेबांनी समजावलं की जिप्समचा उपयोग चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या जमिनीत, तिथं ते सोडियमला मातीवरनं हलवतं. पण हललेलं मीठ पाण्याबरोबर रानाच्या बाहेर जायला पाहिजे ना? खालचं पाणी जर तीन फुटांवर उभंच असंल तर काळ्या मातीतनं ते वातीतल्या तेलासारखं वर चढतं, पाणी उडून जातं, मीठ वर राहतं. निचरा नाही तर जिप्सम म्हणजे पैसे मातीत.

मुळापासून

वहिनी, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. पण एक विचारतो, राग मानू नका, रान बिघडलं ते बेसुमार पाणी पाजल्यामुळंच ना? उसाला लागतं किती आणि आपण देतो किती हा हिशोब आधीच झाला असता तर?

भिलवडीची_वहिनी

राग मानणार. पाणीपट्टी एकरावर आहे, मापावर नाही. कमी पाणी घेतलं तरी पट्टी तेवढीच. पाण्याची पाळी येणार बारा-पंधरा दिवसांनी, पुढची कधी येईल त्याचा भरवसा नाही, मग माणूस मिळतंय तोवर पाजून घेणार. लाईट रात्रीची. पोटात सात महिन्यांचं पोर असताना मी रात्री दोनला दारं धरलीत कारण मालक दवाखान्यात होते. आणि माझ्या रानात नुसतं माझं पाणी नाही, वरच्या अंगाच्या चौघांचं पाणी झिरपून माझ्या रानात उभं राहतंय. त्यांच्या पाण्याचा हिशोब मी कसा करू?

आणि तत्त्व कळून आठ वर्षं झाली. उपाय माहीत आहे, जमिनीखालनं भोकं पाडलेला पाईप चार फुटांवर टाकायचा, जाळी गुंडाळून, आणि पाणी ओढ्याला काढायचं. पण ओढा आमच्या रानापासनं दोन रानं सोडून आहे. मधले दोघं पाईप नेऊ देत नाहीत. एकाचं आमच्याशी वाटणीवरनं बोलणं बंद, दुसरा म्हणतो माझं रान चांगलं हाय, उकरून कशाला देऊ. आता सांगा, माझ्या डोक्यात विचार मुळापासून आहे, पाईप कुठनं नेऊ?

कुपवाड_फौंड्री

ह्याला उत्तर नाही बघा कुणाकडं.

तासगावचा_बागायतदार

आहे. शिरोळ तालुक्यात दत्त कारखान्याच्या पुढाकारानं शेकडो एकर क्षारपड रानात असे पाईप टाकलेत, तिथं पण पहिल्यांदा कोण तयार होत नव्हतं. माझे साडू तिकडचे. आधी थोड्या रानात झालं, तिथं ऊस उभा राहिला, तो बांधावरनं लोकांनी बघितला आणि मग बाकीचे आले. बघून आले! हेच मी पहिल्यापासनं सांगतोय. एकट्यानं विचार करून एकट्याचं रान सुधारंल, पण पाईप शेजाऱ्याच्या रानातनं जातो, आणि शेजारी डोळ्यानं बघितल्याशिवाय हलत नाही.

वाळवा_आडसाली

पण तिथं कारखाना मागं उभा होता, बँक होती. भिलवडीत वहिनींच्या मागं कोण? आमच्या इथल्या संस्थेत दहा वर्षं नुसता ठराव होतोय, निचरा करायचा म्हणून. दरवर्षी सभेला चहा-भजी आणि ठराव.

मुळापासून

पट्टी एकरावर आहे ते मला माहीत होतं, पण मी ते हिशोबात धरलं नव्हतं. चूक झाली माझी. वहिनी, ते "बेसुमार" मी मागे घेतो. वरच्या रानाच्या पाण्याचंही लक्षात आलं नाही. नक्कल वाईट हे मात्र मी अजून म्हणणार, चुलत्यांची बारा पोती मला विसरता येत नाहीत.

तासगावचा_बागायतदार

पोत्यांचा हिशोब काल रात्री पोराकडनं करून घेतला. माझा दोन एकर आडसाली आहे. एकरी तीन पोती जादा जायलीत, डीएपी धरून चार. एवढं मानतो. पण तुम्ही तो हिशोब आधी लिहायचा होता, नकलाकार म्हणून गावाला हिणवायचं नव्हतं. ते शब्द मला लागलेत, अजून लागलेत.

मुळापासून

ते वाक्य काढतो तिथून.

साताऱ्याची_मास्तरीण

वहिनी, तो दुसरा शेजारी, ज्याच्याशी बोलणं आहे, त्याला नेमकी भीती कसली?

भिलवडीची_वहिनी

त्याला वाटतं आमचं खारं पाणी त्याच्या रानात पसरंल. मी सांगितलं की त्याच्या हद्दीतला पाईप भोकाचा न्हाई, सलग टाकू. तर म्हणाला, कुठं झालंय ते दाखवा, बघून सांगतो.

कुपवाड_फौंड्री

मग दाखवा की. उतार निघतो का नाही ते मोजायला माझ्याकडं डंपी लेव्हल आहे, मेव्हणा सर्व्हेचं काम करतो, त्याला घेऊन येतो. ओढ्याचा तळ तुमच्या पाईपपेक्षा खाली असला तरच पाणी जाईल, नाहीतर तिथं खड्डा करून पंप लावावा लागंल, ते आधी बघू.

तासगावचा_बागायतदार

साडूला फोन केलाय. रविवारी तो त्याचं रान दाखवतो, पाईपच्या तोंडातनं पडणारं पाणी पण दाखवतो. वहिनी, तुमच्या त्या शेजाऱ्याला माझ्या गाडीत बसवा, ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याला पण निरोप धाडा, मी बोलतो त्याच्याशी. आणि पुण्याचे पाहुणे, यायचं असलं तर सकाळी आठला सांगलीच्या स्टँडवर उभं राहा.

मुळापासून

शनिवारी रात्री निघतो. चुलत्यांना पण आणतो.