व्हिएन्ना, २२ ते २९ डिसेंबर: कुठला बाजार कधी मिटतो, आणि शाकाहारी सासूबाईंचं काय?

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार मंडळी. यंदाच्या (२०२६) नाताळात व्हिएन्नाला जायचं जवळजवळ ठरलंय. आम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघ्यांचा त्रास, शाकाहारी आणि अंडंही चालत नाही. शाळेच्या सुट्टीमुळे २२ ते २९ डिसेंबर याच तारखा जमतात. विमान मुंबईहून. जायचं ते मुख्यतः नाताळचे बाजार आणि रोषणाई बघायला.

कुणीतरी म्हणालं की २४ नंतर तिथे सगळं बंद असतं. हे कितपत खरं? खाण्याचं काय करावं? आणि व्हिसासाठी कधी हालचाल करावी?

---

रिंगवरची_ट्राम

अर्धं खरं आहे. सगळे बाजार एकाच दिवशी मिटत नाहीत आणि तुमची सगळी आखणी त्यावरच करायला हवी.

दरवर्षीचा क्रम साधारण असा. श्पिटेलबेर्ग, कार्ल्सप्लात्झ, फ्रायुंग आणि आम होफ हे चार २३ डिसेंबरला आवरतात. राटहाउससमोरचा (म्हणजे नगरभवनासमोरचा) सगळ्यात मोठा आणि स्टेफान्सप्लात्झचा, हे दोन २६पर्यंत. बेल्वेडेरे राजवाड्याचा अलीकडे ३१पर्यंत असतो आणि शोनब्रुन राजवाड्यासमोरचा ६ जानेवारीपर्यंत. मारिया-तेरेझियन-प्लात्झवर २६ नंतर तेच लाकडी स्टॉल नववर्षाचा बाजार म्हणून उभे राहतात. पक्क्या तारखा शहराच्या पर्यटन खात्याच्या साइटवर शरद ऋतूत लागतात, तेव्हा एकदा ताडून बघा.

म्हणून क्रम उलटा लावायचा. बहुतेक जण पहिल्याच संध्याकाळी राटहाउसला धावतात आणि छोटे, खरे सुंदर बाजार 'नंतर' म्हणून ठेवतात. ते नंतर उरतच नाहीत. तुम्ही २२ला उतरल्यावर कार्ल्सप्लात्झ करा. तिथे हस्तकलेचं सामान निवडून घेतलेलं असतं आणि मुलांसाठी गवत पसरलेलं मैदान असतं. २३ला दुपारी फ्रायुंग, तिथून पाच मिनिटांवर आम होफ, आणि अंधार पडला की श्पिटेलबेर्ग. हा शेवटचा अरुंद गल्ल्यांत भरतो, जमीन दगडी आणि थोडी चढाची, तेव्हा सासूबाईंना गर्दीच्या आधी, चारच्या सुमाराला न्या. सूर्य चारलाच मावळतो, त्यामुळे रोषणाईसाठी रात्रीपर्यंत थांबावं लागत नाही. मोठाच फायदा आहे हा.

२४चा दिवस वेगळा. ऑस्ट्रियात सणाचा मुख्य क्षण म्हणजे २४ची संध्याकाळ. भेटवस्तू सांताक्लॉज आणत नाही, 'क्रिस्टकिंड' म्हणजे बाळ येशू आणतो. त्यामुळे दुकानं दुपारीच बंद, संग्रहालयं तीनच्या आसपास बंद, बाजारही लवकर गुंडाळतात. सकाळी शोनब्रुनचा बाजार करून परत या आणि संध्याकाळ घरी ठेवा. मेट्रो आणि ट्राम चालू असतात.

यंदा २५ला शुक्रवार, २६ला शनिवार आणि २७ला रविवार आहे. २६लाही तिथे सरकारी सुट्टी आणि रविवारी दुकानं एरवीही बंद. म्हणजे २४च्या दुपारपासून २८च्या सकाळपर्यंत साधं वाणसामान मिळणं कठीण. अपवाद मोठ्या स्थानकांतले. प्राटरश्टर्न स्थानकातलं बिला सुपरमार्केट सुट्टीलाही उघडं असतं, पण त्या दिवसांत अर्धं शहर तिथेच रांगेत. मोठी संग्रहालयं मात्र २५-२६ला उघडी असतात. बेल्वेडेरेच्या संग्रहालयात क्लिम्टचं 'द किस' हे चित्र बघायचं तर वेळेचं तिकीट आधी काढा, आयत्या वेळी दारात मिळेलच असं नाही.

राटहाउस २५ किंवा २६ला सकाळी अकराच्या सुमाराला करा. संध्याकाळी तिथे मुंगीलाही वाट नसते. मुलासाठी बागेतून फिरणारी बर्फावरची स्केटिंगची वाट आहे, स्केट्स भाड्याने मिळतात.

गरम पेय घेताना मगाचे चार-पाच युरो अनामत जास्त कापतात, दचकू नका. मग परत केला की पैसे परत, पण त्याच बाजारात. दुसऱ्या बाजारातला स्टॉल तो घेत नाही. आवडला तर घरी आणा, अनामत गेली एवढंच. 'ग्ल्युवाइन'मध्ये दारू असते, 'पुन्श'मध्येही बहुधा असतेच. मुलाला आणि सासूबाईंना 'किंडरपुन्श' मागा, ती फळांच्या रसाची.

---

फोडणीचा_भात

खाण्याचं मी सांगते. 'वेगेटारिश', म्हणजे शाकाहारी, एवढं म्हणून भागत नाही. तिथे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, 'श्पेक', पुष्कळदा मांस म्हणून मोजतच नाहीत, आणि अंडं तर शाकाहारीतच धरतात. वाक्य पाठ करून जा: 'ओने फ्लाइश, ओने फिश, ओने श्पेक, ओने आय'. ओने म्हणजे शिवाय, फ्लाइश म्हणजे मांस, फिश म्हणजे मासे, आय म्हणजे अंडं.

सासूबाईंना बिनधास्त चालेल ते: भाजलेले चेस्टनट, म्हणजे 'मारोनी'. कागदाच्या पुडीत गरमागरम देतात आणि तीच पुडी हात शेकायलाही उपयोगी पडते. त्याच गाडीवर भाजलेले बटाट्याचे काप असतात. भटुऱ्यासारखी तळलेली, लसूण लावलेली 'लांगोश' बहुतेक ठिकाणी बिनअंड्याची असते. तरी विचारा, आणि त्याच तेलात आणखी काय तळतात तेही विचारा. 'कार्टोफेलपुफर' आपल्या बटाट्याच्या थालीपिठासारखा दिसतो, पण किस बांधायला त्यात अंडं घालतात.

फसवणाऱ्या गोष्टी दोन. एक, ब्रेडवर लोण्यासारखं पांढरं काही लावून वर कांदा घातलेला दिसेल. ते 'श्माल्त्स', डुकराची चरबी. दुसरं, पोकळ पावात ओतून देतात ते सूप. भोपळ्याचं असो वा बटाट्याचं, खालचं पाणी बऱ्याचदा मांसाचं असतं.

गोडात केक, पॅनकेक, 'कायझरश्मार्न' (तुकडे केलेलं गोड पॅनकेक), 'साखरटोर्ट' (चॉकलेटचा केक), सगळ्यांत अंडं. सफरचंदाच्या श्ट्रूडेलचं पीठ मात्र पारंपरिक पद्धतीत मैदा, पाणी आणि तेल एवढ्यावरच मळतात. ते घ्या, पण सोबतचा व्हॅनिला सॉस नको, त्यात पिवळा बलक असतो.

माझं स्पष्ट मत, हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. २५ ते २७ हे तीन दिवस रोज बाहेर खाणं सासूबाईंना जड जाईल. २३च्या रात्री किंवा २४च्या सकाळी तांदूळ, दूध, दही, भाज्या, ब्रेड असं चार दिवसांचं भरून ठेवा. मसाले आणि डाळी भारतातून न्या. भाजणी, मेतकूट, चिवडा, उपम्याचं तयार पीठ सगळं चालतं. तूप, पेढे, बर्फी, पनीर नको. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ओला कढीपत्ता आणि मिरच्याही नकोत, ताज्या भाजीला रोगमुक्तीचा दाखला लागतो.

कुकर नेणार असाल तर बुडाला लोहचुंबक लावून बघा. तिथल्या बऱ्याच घरांत इंडक्शन शेगडी असते आणि साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरवर ती सुरूच होत नाही. चुंबक चिकटला तरच उपयोग.

---

फाइलवाले_काका

व्हिसा. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना एकत्र चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे तुमच्यासाठी २२ जूनपासून. नियमाने निकालाला १५ दिवस, शंका आली तर ४५पर्यंत. नाताळच्या गर्दीत खरी अडचण अपॉइंटमेंटची असते. सप्टेंबरात कागद जमवून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज गेला पाहिजे. दिवाळी नोव्हेंबरात आहे, त्यानंतरवर ढकलू नका.

शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वयाला ४५. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बाराच्या आतल्या मुलाचे बोटांचे ठसे घेत नाहीत, पण जन्मदाखला आणि दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी. विमा किमान ३०,००० युरोचा, संपूर्ण शेंगेनसाठी. सासूबाईंचा घेताना आधीच्या आजाराचं कलम नीट वाचा. बऱ्याच पॉलिसी तेच वगळतात आणि स्वस्त पडतात त्या त्यामुळेच.

अर्ज अडतात ते क्षुल्लक गोष्टींवरून: विमानाच्या तारखा, हॉटेलच्या रात्री आणि विम्याचा कालावधी एकमेकांशी जुळत नाही. आणि अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक मोठी रक्कम आली तर खुलासा जोडा. सासूबाईंचा खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र आणि नात्याचा पुरावा हवा.

---

प्राग_पक्षपाती

बाजारच बघायचे असतील तर व्हिएन्ना कशाला? प्रागच्या जुन्या चौकातला बाजार ६ जानेवारीपर्यंत असतो, २४-२५लाही चालू. रेल्वेने चार तासांवर आहे. तीन-तीन रात्री वाटून घ्या.

---

रिंगवरची_ट्राम

बाजारापुरतं तुमचं बरोबर. पण जुन्या प्रागच्या गोट्या-गोट्यांच्या फरशा आणि किल्ल्याचा चढ दुखऱ्या गुडघ्यांना नको. व्हिएन्नात जुन्या शहराभोवतीचा रिंग रस्ता सपाट, मेट्रो स्थानकांना लिफ्ट, ट्राम जवळजवळ दाराशी. शिवाय ज्या देशात जास्त रात्री त्याच्याकडे व्हिसाचा अर्ज करायचा आणि समान असतील तर जिथे आधी प्रवेश तिथे. तीन-तीनच्या वाटणीत तो घोळ वाढतो. एकाच शहरी राहावं.

---

मृण्मयी_कोथरूड

सगळ्यांचे खूप आभार! व्हिएन्नाच पक्कं. अजून तीन प्रश्न: घर कुठल्या भागात बघू? कपडे किती? आणि रिंगवरच्या पिवळ्या पर्यटक ट्रामबद्दल ऐकलंय, ती घ्यावी का?

---

रिंगवरची_ट्राम

पिवळी नको. साध्या तिकिटावर १ आणि २ नंबरच्या ट्राम मिळून रिंगचा फेरा होतो. एकच ट्राम पूर्ण वळसा घालत नाही, श्वेडनप्लात्झला बदलायची. कागदी तिकीट असेल तर पहिल्या वेळी निळ्या यंत्रात छापून घ्या. न छापलेलं तिकीट विनातिकीटच धरतात आणि दंड शंभर युरोंच्या वर आहे.

विमानतळावरून हिरवी जलद गाडी १६ मिनिटांत शहरातल्या वीन मिटे स्थानकात नेते, एस७ लोकल २५ मिनिटांत, तीही त्याच स्थानकात आणि कितीतरी स्वस्तात. चौघांचा फरक चांगलाच पडतो. विमानतळ शहराच्या तिकीट-हद्दीबाहेर आहे, त्यामुळे शहराचा पास असला तरी पुढच्या टप्प्याचं तिकीट वेगळं.

घर ३, ४ किंवा ७ क्रमांकाच्या भागात बघा, मेट्रोपासून पाच मिनिटांत. जुन्या इमारतींत एक गोम असते. तळमजल्याच्या वर 'होखपार्टेरं', त्यावर 'मेत्सानिन', मग कुठे 'पहिला मजला'. जाहिरातीत पहिला म्हणजे आपल्या हिशेबाने कधीकधी तिसरा. लिफ्टही काही ठिकाणी अर्धा जिना चढल्यावर सुरू होते. घरमालकाला विचारायचं ते असं: रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत पायऱ्या किती?

---

फोडणीचा_भात

कपड्यांबद्दल. तापमान शून्याच्या आगेमागे, पण वारा आणि दमटपणा बोचतो. बर्फ पडेलच असं मुलाला सांगून ठेवू नका. शहरात नाताळला पांढरं दिसणं दुर्मीळ. फारच हट्ट झाला तर रेल्वेने सवा-दीड तासावर झेमरिंग हे डोंगरातलं ठिकाण आहे.

जाड एकच स्वेटर नको. आत लोकरीचं थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट. दुकानं आणि ट्राम आतून इतकी उबदार असतात की पटकन काढता आलं पाहिजे. जीन्स एकदा ओलसर झाली की दिवसभर गार राहते. थंडी शिरते ती पायांतून, कारण बाजारात चालणं कमी आणि उभं राहणं जास्त. जाड तळव्याचे, जलरोधक बूट एक नंबर मोठे घ्या म्हणजे लोकरी मोजे घालून बोटं हलतील. सुती मोजे घामाने ओले होतात आणि मग गारठा थांबत नाही. सासूबाईंना साडीच नेसायची असेल तर आत थर्मल लेगिंग आणि परकर गरम कापडाचा. पायात मात्र बूटच. आणि ते इथेच महिनाभर आधी घालून सरावाचे करून घ्या.